हरकत नाही, असं आम्ही म्हटलंच नव्हतं

सरकारी कारभारात "हरकत" या शब्दाला फार किंमत आहे. हरकत घेतली तर ती कागदावर येते, तिला नंबर पडतो. हरकत घेतली नाही तर माणसाची संमती आहे असं धरलं जातं. आमचं गाव असंच धरून चालता चालता शहरात गेलं.

सीमाभागातल्या एका शहराच्या शिवेला लागून आमचं गाव. गावाचं नाव मी लिहीत नाही, शहराचंही नाही. नाव लिहिलं की लोक माणसं शोधत बसतात आणि मुद्दा बाजूला राहतो. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषात एक दिवस सकाळी एक तरुण मुलगा टेप घेऊन दारात आला आणि ओसरी मोजू लागला. मी विचारलं, "काय रे बाळ, कशाची मापं?" तो म्हणाला, "घरपट्टीची, अक्का. आता तुम्ही शहरात आलाय न्हवं?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. घरात येऊन यजमानांना विचारलं. त्यांना अर्धंमुर्धं माहीत होतं. डेअरीत कुणीतरी बोललं होतं. कोण, कधी, काय, ते आठवत नव्हतं. शेजारच्या काकूंना तर काहीच माहीत नव्हतं. बस्तीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही नाही.

संक्रांतीआधी मी स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसायला काढल्या. भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या आधी घर स्वच्छ करताना फळ्यांवर जुने पेपर अंथरले होते. आमची सून अथणीकडची, तिचं शिक्षण कन्नडमधून झालेलं. ती कन्नड पेपर घेते, मी मराठी. मसाल्याच्या डब्यांखालचा तेलकट पेपर ओढून काढताना तिचं लक्ष गेलं. "आत्ती, ह्यात आपल्या गावाचं नाव दिसतंय." ती होती सूचना. आमचं गाव शहराच्या हद्दीत घेण्याचा शासनाचा विचार आहे, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.

ज्या कागदानं माझं गाव बदललं, त्याच्यावर मी चार महिने हळद-तिखटाचे डबे ठेवले होते. मी कला शाखेची पदवीधर आहे. रोज पेपर वाचते. तरी ही गत. मग ज्या बाईला अंगठाच उठवता येतो तिनं हरकत घेतली नाही म्हणून तिची हरकत नव्हती, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या भागात असलं काही लिहिलं की लगेच लोक मराठी-कन्नडच्या खुंटीला टांगतात. कन्नडशी माझं भांडण नाही. माझी नातवंडं दोन्ही भाषांत रडतात आणि दोन्ही भाषांत हट्ट करतात. त्या दिवशी सुनेनं ती सूचना मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आत्ती, अक्षरं कळत्यात, अर्थ कळत न्हाई." सगळे सर्व्हे नंबर होते. उत्तरेस अमुक, दक्षिणेस तमुक, कलम अमुक, पोटकलम तमुक. नकाशा नाही. घरपट्टी किती वाढणार, पाणी कुठून येणार, पंचायत कधी बंद होणार, यातलं एक अक्षर नाही. म्हणजे ज्यांना कन्नड येतं त्यांनाही काही कळू नये, अशाच कन्नडमध्ये ते लिहिलेलं होतं. मराठीत असतं तर मराठीतही तसंच लिहिलं असतं, याची मला खात्री आहे. शिवेपलीकडे माझं माहेर आहे, शिरोळ तालुक्यात. तिथले सरकारी कागद मराठीत असतात, आणि माझा भाऊ ते वकिलाकडून समजून घेतो.

पण याचा अर्थ भाषेचा प्रश्नच नाही असा नव्हे. भाषावार राज्यं झाली तेव्हा, १९५६ साली, केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी काही गोष्टी ठरवून दिल्या. एखाद्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील, तर तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे तेव्हापासूनचं धोरण आहे. आपल्या तक्रारीचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क तर घटनेच्या ३५० व्या कलमानं प्रत्येकाला दिलेला आहे. मराठीतून हरकत लिहिता येते, हे आमच्या गावात किती बायकांना माहीत होतं? मला नव्हतं. मला ते नंतर कळलं, आणि नंतर कळलेल्याचा उपयोग दुसऱ्या गावाला होतो, आपल्या नाही.

आता कायद्याचं थोडं. कंटाळू नका, हे आपल्या घरादाराचंच आहे. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या कारभाराला घटनेत जागा मिळाली. तिच्यातल्या २४३-क्यू या कलमात, कुठल्या भागाला मोठं शहर म्हणायचं, कुठल्याला लहान, आणि कुठला भाग खेड्याचा शहर होतोय असं धरायचं, हे ठरवताना काय बघायचं ते दिलं आहे. लोकसंख्या किती, ती दाट किती, कारभाराला उत्पन्न किती मिळतं, शेती सोडून दुसरी कामं करणारे किती टक्के, आर्थिक महत्त्व काय. आणि राज्यपालांना योग्य वाटतील त्या इतर बाबी. मी ती यादी दोनदा वाचली. तिथल्या लोकांना ते हवं आहे की नाही, हे त्या यादीत नाही.

मग लोकांचं ऐकायचं कुठं? न्यायालयांनीही यावर दोन प्रकारे बोलून ठेवलंय. १९८७ साली हिमाचल प्रदेशातल्या एका खेड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, पंचायतीतला भाग काढून शहरी कारभाराखाली आणला तर लोकांवर कराचा आणि इतर गोष्टींचा परिणाम होतो, म्हणून त्यांना आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. १९८९ साली कल्याणच्या महानगरपालिकेचं प्रकरण आलं. तिथं न्यायालयानं सांगितलं की, हद्द ठरवणं हे कायदा करण्यासारखं काम आहे. कायद्यात जेवढी सूचना आणि हरकतीची सोय दिली आहे तेवढी पाळली की झालं, त्यापलीकडे सुनावणी मागता येत नाही.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? आपल्या वाट्याला येते ती तेवढी एकच खिडकी. सूचना निघते, मुदत असते, तेवढ्यात बोला. ती खिडकी उघडली आहे हेच कुणाला कळलं नाही, तर कायदा पाळला गेला आणि माणूस मात्र राहिला बाहेर. म्हणून मी म्हणते, सूचना कुठं, कशा भाषेत, कुठल्या वेळेला लावली, हा कारकुनी प्रश्न नाही. एवढीच तर आपली लोकशाही आहे तिथं. तीच फळीवर डब्याखाली गेली तर मग उरलं काय?

आमच्याच भागात हे होतं असं नाही. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची कथा बघा. १९८३ साली महानगरपालिकेत घेतली, २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली परत आत घेतली, २०२० साली त्यातली १८ पुन्हा बाहेर काढायचं ठरलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. चाळणीतून पीठ चाळावं तशी माणसं वरखाली. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं तर आणखी वाईट. पुण्याचा कचरा त्यांच्या वाट्याला आधी आला, पुणे महानगरपालिकेत जागा नंतर, २०१७ साली मिळाली. पुढं कराच्या तक्रारी वाढल्या आणि काही वर्षांतच दोन्ही गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद करायची वेळ आली. कोल्हापुरात याच्या उलट. १९७२ साली महानगरपालिका झाली आणि पुढची पन्नास वर्षं हद्द तसूभर हलली नाही, कारण प्रस्ताव निघाला की गावं बंद पाळतात. शहर म्हणतं आम्ही कोंडलो, गावं म्हणतात आम्हाला गिळू नका. वडोदऱ्याच्या मैत्रिणींना आठवत असेल, २०२० साली भायली, सेवासी, बिल, वेमाली अशी सात गावं शहरात घेतली तेव्हा तिथंही विरोध झाला होता. हैदराबादेत २००७ साली १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती एका फटक्यात महानगरात गेल्या.

म्हणजे राज्य कुठलंही असो, सरकार कुठल्याही पक्षाचं असो, तऱ्हा एकच. आधी ठरवायचं, मग सांगायचं, आणि सांगायचं तेही कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. मग लोक रस्त्यावर आले की म्हणायचं, यांना विकास नको आहे.

मी विकासाच्या आड नाही. हे मनापासून लिहिते. आमच्या गावाच्या कडेला प्लॉट पडले होते, घरं उठली होती, गटार नव्हतं. पावसाळ्यात शाळेपाशी गुडघाभर पाणी. पंचायतीच्या आवाक्यातलं ते राहिलं नव्हतं. आमची मुलं शहरात शिकतात, बाळंतपणं शहरात होतात, भाजी शहरात विकते. मग शहरात जायला एवढं काय वाईट, असं कुणी विचारलं तर मी तरी चटकन नाही म्हणणार नाही. मला विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलं असतं. पण विचारलं तर पाहिजे! स्थळ चांगलं आहे म्हणून मुलीला न विचारता लग्न लावायचे दिवस गेले ना? मग गावाचं तेवढं न विचारता कसं चालतं?

आणि काय जातं ते बायकांनीच बघितलं पाहिजे, कारण ते पुरुषांच्या लवकर ध्यानात येत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीत दर ४०० माणसांमागे एक सदस्य असतो, आणि निम्म्या जागा बायकांच्या. आमच्या गल्लीची सदस्या माझ्याच परसदारातनं जायची. नळाला पाणी नाही आलं तर तिला हाक मारून सांगता येत होतं. आता शहराचं बघा. बेळगाव महानगरपालिकेचे ५८ प्रभाग आहेत आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार. एका नगरसेवकामागे आठ हजारांवर माणसं. त्याला कोण परसदारातनं हाक मारणार? गावात वर्षातून निदान दोनदा ग्रामसभा घ्यावी लागते. तिथं कुणीही उभं राहून हिशेब विचारू शकतं. नगरपालिकेच्या सभेत आपण फार तर मागं बसून ऐकायचं.

आमच्या गल्लीतल्या एका मावशीचं सांगते. नवरा नाही, जमीन नाही. वर्षातले काही दिवस तळ्याच्या नाहीतर पाणंदीच्या रोजगार हमीच्या कामावर जायची. २००५ च्या कायद्याचं ते काम ग्रामीण भागासाठी. गाव शहरात गेलं, तिच्या कार्डाचा कागद झाला. ती मला म्हणाली, "अक्का, म्या तर गाव सोडून कुठं गेले न्हाई. मग गावची बाई कशी न्हाई म्या?" मला उत्तर देता आलं नाही. त्या सूचनेत हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. कुणी आधी सांगितलं असतं तर तिनं हरकत लिहून दिली असती का? मला वाटतं, आमच्या अख्ख्या गावातली पहिली हरकत तिची असती.

आता आपल्याच माणसांबद्दल बोलते, राग आला तर येऊ दे. घरपट्टी मोजणारा येऊन गेल्यावर गावातल्या पुढाऱ्यांना जाग आली. बैठक ठेवली संध्याकाळी सहाला. आमच्या घरांतून सूर्यास्ताच्या आत जेवणं व्हायची असतात, बाकीच्या घरांतून धारा काढायची वेळ. सहाला कुठली बाई येणार? आम्ही चौघी गेलो, दाराशी उभ्या राहिलो. आत एक जण सांगत होता की शहरात गेलं की बस्तीची जमीन जाणार. दुसरा सांगत होता की शेतं काढून घेणार. कुणीही कागद वाचला नव्हता. मी विचारलं, "हे कुठल्या कलमात आहे?" तर उत्तर आलं, "वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही." मग एक दिवस बंद झाला, टायर जाळले, पेपरात फोटो आला. मुदत संपून तीन महिने झाले होते. आम्ही काही जणी अर्ज लिहून कचेरीत गेलो, तर खिडकीतल्या माणसानं कागद परत केले. "उशीर केलात." सरकारनं न सांगता ठरवलं आणि आमच्या पुढाऱ्यांनी न वाचता भांडण केलं. दोघांच्या मध्ये बायका होत्या, त्यांना कुणीच विचारलं नाही.

"बायका सभेला येत नाहीत" असं दोन्हीकडून म्हणतात. त्यांच्या वेळेला बोलावून बघा की एकदा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. माहेरी माझी भावजय जाते त्या सभेला. ती सांगते, दुपारी ठेवली तर बायका येतात, संध्याकाळी ठेवली तर सह्या येतात. यात सगळं आलं.

आपल्या शास्त्रात समवसरणाचं वर्णन आहे. भगवंतांची दिव्यध्वनी व्हायची आणि तिथं बसलेल्या प्रत्येकाला ती आपापल्या भाषेत कळायची, पशुपक्ष्यांनासुद्धा. लहानपणी मला हा चमत्कार वाटायचा. आता वाटतं, यात एक साधी अपेक्षा आहे. ज्याला सांगायचं आहे त्याला कळलं, तरच ते सांगितलं असं म्हणायचं. कचेरीकडून मला दिव्यध्वनीची अपेक्षा नाही. साध्या कागदाची आहे.

म्हणून माझ्या पाच मागण्या आहेत आणि एकीलाही फार पैसे लागत नाहीत. एक, हद्दीची सूचना त्या गावात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांत आणि साध्या शब्दांत निघावी. दोन, ती पेपरात आणि कचेरीच्या फळ्यावर न थांबता रेशन दुकान, दूध डेअरी, अंगणवाडी आणि देवळाच्या दारात लागावी, कारण बायका तिथं जातात. तीन, सोबत नकाशा आणि एक तक्ता असावा. आज घरपट्टी किती, उद्या किती, पाणी आज कुणाचं, उद्या कुणाचं, कुठली योजना चालू राहील, कुठली बंद होईल. चार, मुदतीच्या आत बायकांची एक सभा दुपारच्या वेळी व्हावी आणि तिचं टिपण त्याच दिवशी वाचून दाखवावं. पाच, प्रत्येक हरकतीची पोच मिळावी आणि ती मान्य केली की नाही, का नाही, हे कारणासकट लेखी कळवावं. नाही म्हणा, पण का ते सांगा.

आणि सहावी गोष्ट आपण करायची आहे. जाग्या राहा. पेपरातली मयताची आणि लग्नाची पानं आपण आधी वाचतो. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात सरकारी सूचना असतात. त्या वाचा. कळल्या नाहीत तर सुनेला, मुलीला विचारा. लाजू नका.

गेल्या वर्षी आमच्या पलीकडच्या गावाची पाळी आली. या वेळी सूचना सुनेनं पहिल्याच दिवशी पकडली. ती वाचायची, मी मराठीत सांगायची, असं आम्ही सासू-सुनांनी दुपारच्या वेळी डेअरीपुढं, बस्तीत, मारुतीच्या देवळात, चार ठिकाणी केलं. काय करा, असं आम्ही कुणालाच सांगितलं नाही. काय लिहिलंय तेवढं सांगितलं. काही जणी म्हणाल्या, शहर बरं, निदान गटार तरी होईल. त्यांनीही तसं लिहून दिलं. बऱ्याच जणींनी हरकती लिहिल्या. सगळ्या मिळून ५२ अर्ज झाले, मराठी आणि कन्नड दोन्हीत. आमची ती रोजगार हमीवाली मावशी बरोबर आली होती. तिचं आता काहीच राहिलं नव्हतं त्यात, तरी आली.

खिडकीतला माणूस म्हणाला, "एवढे अर्ज? ठेवून जावा, बघतो."

मावशी म्हणाली, "न्हाई बाबा. शिक्का मार. एकेकावर मार. आम्ही थांबतो."

दोन तास लागले. ५२ पोचा सुनेच्या पिशवीत आहेत. निकाल अजून आलेला नाही. काहीही आला, तरी त्या गावातल्या बायकांची हरकत नव्हती, असं आता कुणाला लिहिता येणार नाही.